‘तेलासाठीच’ मधल्या ‘च’चं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेला विषय आलाय, ‘2003 चं इराक युद्ध तेलासाठीच लढलं गेलं’. विचारणारा अनुकूल बाजूने बोलणार, त्याची जोडीदार प्रतिकूल. मागच्या खेपेला परीक्षकांनी ‘घोषणा खूप, पुरावा कमी’ असा शेरा दिला होता. काय मांडायचं, कुठला पुरावा टिकतो आणि कुठे फसायला होतं, हे दोघांनाही हवंय.

पुराव्याची टंचाई या विषयात अजिबात नाही, उलट ढीग पडलाय. गोंधळ होतो तो कुठला पुरावा कुठल्या दाव्याला लागतो हे न ठरवल्यामुळे. म्हणून वाचन सुरू करण्याआधी विषयाचं वाक्य फोडून घ्या.

त्या वाक्यातलं सगळ्यात महाग अक्षर आहे ‘च’. ‘तेलासाठी’ सिद्ध करायला तेल हेही एक कारण होतं एवढं दाखवलं की भागतं. ‘तेलासाठीच’ म्हटलं की बाकीची सगळी कारणं खोटी किंवा किरकोळ होती हे दाखवावं लागतं, आणि सात मिनिटांत ते कुणालाच जमत नाही. प्रतिकूल वक्त्याने याच अक्षरावर चढाई करायची. अनुकूल वक्त्याने पहिल्याच मिनिटात त्याचा अर्थ बांधून घ्यायचा: ‘इराकमध्ये तेल नसतं तर हे युद्ध झालं नसतं, एवढा आमचा दावा आहे. दुसरी कारणं नव्हतीच, असं आम्ही म्हणत नाही.’ ही व्याख्या चालेल की नाही हे स्पर्धेवर अवलंबून आहे. काही ठिकाणी परीक्षक शब्दशः अर्थाला चिकटून राहतात, काही ठिकाणी वाजवी व्याख्या मान्य करतात. नियमपत्रक आधी वाचा.

आता ‘तेलासाठी’. या एका शब्दात चार वेगवेगळे दावे दडलेत. पहिला मालकीचा: अमेरिकेला इराकचं तेल स्वतःकडे घ्यायचं होतं. दुसरा ठेक्यांचा: अमेरिकी-ब्रिटिश कंपन्यांना तिथे कामं मिळवून द्यायची होती. तिसरा पुरवठ्याचा: आखातातून जगाला जाणारं तेल अखंड आणि परवडणाऱ्या भावात वाहत राहायला हवं होतं. चौथा सत्तेचा: तेलाच्या पैशावर इराकचे हुकूमशहा सद्दाम हुसेन पुन्हा बलाढ्य होऊ नये, हे पाहायचं होतं. बहुतेक वक्ते आरोप पहिल्याचा करतात, पुरावा दुसऱ्याचा देतात आणि टाळ्या चौथ्यावर घेतात. परीक्षकाने तुमच्या कागदावर ‘पुरावा कमी’ लिहिलं ते बहुधा इथेच.

मालकीचा दावा सगळ्यात लवकर कोसळतो. 22 मे 2003 च्या सुरक्षा परिषदेच्या 1483 क्रमांकाच्या ठरावाने तेलविक्रीचा पैसा इराक विकास निधीत जाईल असं ठरलं. 5 टक्के 1990-91 च्या कुवेत युद्धाच्या नुकसानभरपाईसाठी बाजूला काढून बाकीचा त्या निधीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इराकचा कारभार पाहणाऱ्या अमेरिकी प्रशासनाने 39 क्रमांकाचा आदेश काढला. त्याने परदेशी गुंतवणुकीला जवळजवळ सगळी क्षेत्रं शंभर टक्के खुली केली, पण जमिनीतून नैसर्गिक संपत्ती काढणं आणि तिच्यावरची प्राथमिक प्रक्रिया मुद्दाम वगळली. 2005 च्या राज्यघटनेतलं 111 वं कलम तेल आणि वायू सर्व इराकी जनतेच्या मालकीचे असल्याचं सांगतं. अनुकूल बाजूकडे इथे एकच बरा मुद्दा आहे: त्या निधीचा हिशेब नीट ठेवला गेला नाही. अमेरिकेच्याच विशेष महानिरीक्षकांनी जानेवारी 2005 मध्ये सुमारे 8.8 अब्ज डॉलरच्या खर्चावर पुरेशी देखरेख नव्हती असा ठपका ठेवला. पण ढिसाळ कारभार म्हणजे युद्धाचा हेतू नव्हे. एवढ्याशा काडीवर मालकीचा दावा टेकवू नका.

ठेक्यांचा दावा जास्त रंजक आहे, त्यामुळे इथे थोडं थांबू. युद्धाआधीचे कागद अनुकूल बाजूला मदत करतात. अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी 1995 ते 2000 हॅलिबर्टन या तेलक्षेत्रात कामं करणाऱ्या कंपनीचे प्रमुख होते. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या ऊर्जा गटाकडे मार्च 2001 मध्येच इराकच्या तेलक्षेत्रांचा नकाशा आणि तिथे करार मागणाऱ्या परदेशी कंपन्यांची यादी होती. न्यायालयीन लढाईनंतर जुलै 2003 मध्ये हे कागद बाहेर आले. ब्रिटनमध्ये 2002 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सरकार आणि बीपी-शेल या तेल कंपन्या यांच्या बैठका झाल्याचं 2011 मध्ये उघड झालं. मार्च 2003 मध्ये तेलविहिरींच्या दुरुस्तीचं काम हॅलिबर्टनच्याच केबीआर या उपकंपनीला निविदा न काढता मिळालं. हे सगळं कागदावर आहे आणि वापरण्याजोगं आहे.

फक्त हे कागद काय म्हणतात ते नीट वाचा. चेनींच्या गटाकडे सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातींचेही तसेच नकाशे होते. ब्रिटिश कंपन्यांची काळजी अशी दिसते की युद्ध होणारच असेल तर नंतरच्या वाटपात फ्रेंच आणि रशियन कंपन्या पुढे जाऊ नयेत. वाटा मागणं आणि युद्ध मागणं या वेगळ्या गोष्टी आहेत. खरं तर बऱ्याच तेल कंपन्यांना कुवेत युद्धापासून इराकवर असलेले निर्बंध उठायला हवे होते. निर्बंध होते तोवर सद्दाम यांनी करार दिले ते रशियाच्या ल्युकऑइलला पश्चिम कुर्ना-2 या तेलक्षेत्रासाठी आणि चीनच्या सरकारी तेल कंपनीला, सीएनपीसीला, अल-अहदाब क्षेत्रासाठी, दोन्ही 1997 मध्ये. आपल्या ओएनजीसी विदेशनेही नोव्हेंबर 2000 मध्ये वाळवंटातल्या ब्लॉक-8 चा शोधकरार केला होता. अमेरिकी कंपन्या स्वतःच्याच सरकारच्या नियमांमुळे दाराबाहेर होत्या, आणि ते दार युद्धाशिवायही उघडता आलं असतं.

आणि शेवटी मिळालं काय? इथे आकडे पाठ करा, कारण प्रतिकूल बाजूचं हे सगळ्यात धारदार हत्यार आहे. इराकने मोठ्या तेलक्षेत्रांचे लिलाव केले ते 2009 मध्ये, जून आणि डिसेंबर अशा दोन फेऱ्यांत. करार उत्पादनातला वाटा देणारे नव्हते, सेवाकरार होते: तेल इराकचं, कंपनीला खर्च परत आणि ठरलेल्या पातळीच्या वर वाढवलेल्या प्रत्येक पिंपामागे मेहनताना. रुमैला क्षेत्रासाठी बीपी आणि सीएनपीसीने पिंपामागे 3.99 डॉलर मागितले होते, मिळाले 2. त्यातला 25 टक्के हिस्सा इराकी सरकारी भागीदाराचा, उरलेल्यावर 35 टक्के कर. फळ्यावर मांडून पाहा: 2 डॉलरचे राहिले दीड, दीडचे राहिले साधारण 98 सेंट, आणि तेही दोन कंपन्यांत विभागून. तेलाचा भाव तेव्हा 70 डॉलरच्या आसपास होता. पश्चिम कुर्ना-2 ल्युकऑइल आणि नॉर्वेच्या स्टॅटऑइलला 1.15 डॉलरवर गेलं, मजनून शेल आणि मलेशियाच्या पेट्रोनासला 1.39 वर, हलफाया सीएनपीसीच्या गटाला 1.40 वर. मोठ्या कामात अमेरिकी कंपनी पुढे दिसते ती पश्चिम कुर्ना-1 मध्ये, एक्सॉनमोबिल, मेहनताना 1.90. पुढे त्यांनीही काढता पाय घेतला आणि 2024 मध्ये त्या क्षेत्राची सूत्रं पेट्रोचायनाकडे गेली. आज इराकी तेलाचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक चीन आणि भारत आहेत.

अनुकूल वक्त्याने इथे गांगरायचं कारण नाही. उत्तर दोन पायऱ्यांत द्या. एक, फळ कडू निघालं म्हणून झाड लावण्यामागे फळाची हाव नव्हती असं ठरत नाही. अंदाज चुकू शकतो. पेंटागॉनचे उपप्रमुख पॉल वूल्फोवित्झ यांनी 27 मार्च 2003 ला काँग्रेसपुढे सांगितलं होतं की इराकला येत्या दोन-तीन वर्षांत तेलातून 50 ते 100 अब्ज डॉलर मिळतील आणि तो देश आपल्या पुनर्बांधणीचा खर्च स्वतः उचलू शकेल. दोन, वॉशिंग्टनच्या पाठिंब्याने तयार झालेला तेल कायद्याचा मसुदा फेब्रुवारी 2007 मध्ये इराकी मंत्रिमंडळात संमत झाला आणि संसदेत अडकून पडला. हवं ते मिळालं नाही, याचं एक कारण इराकी लोकांचा विरोध होता. प्रतिकूल बाजू मात्र यावर म्हणेल की ज्याला आपल्या ताब्यातल्या देशात साधा कायदा संमत करून घेता आला नाही, त्याने तो देश तेलाच्या कायद्यासाठी घेतला होता हे पटत नाही. दोन्ही युक्तिवाद उभे राहतात, म्हणून हा मुद्दा बरोबरीत सुटतो. त्यावर वेळ किती द्यायचा ते ठरवून घ्या. दीड मिनिटापेक्षा जास्त नको.

पुरवठ्याचा दावा 1990-91 ला लावला तर जवळजवळ बिनतोड आहे. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी जानेवारी 1980 मध्येच जाहीर केलं होतं की पर्शियन आखातावर ताबा मिळवण्याचा बाहेरच्या शक्तीचा प्रयत्न अमेरिका प्रसंगी लष्करी बळाने मोडून काढेल. 2 ऑगस्ट 1990 ला इराकने कुवेत घेतला तेव्हा जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे 20 टक्के सद्दाम यांच्या हाती आले, पुढे सौदीचा पूर्व प्रांत गेला असता तर आणखी 25 टक्के. ही आकडेमोड तेव्हा संरक्षणमंत्री असलेल्या चेनींनीच सिनेटपुढे मांडली होती. 15 जानेवारी 1991 च्या अध्यक्षीय गोपनीय निर्देशाची सुरुवातच आखाती तेल मिळत राहणं अमेरिकी सुरक्षेसाठी अत्यावश्यक आहे, अशा आशयाच्या वाक्याने होते. हेतू सिद्ध करणारा कागद कसा दिसतो, त्याचा हा नमुना. 2003 साठी असा कागद कुणाच्या हाती आलेला नाही.

सद्दाम यांचा 1990 चा हेतूही बघून ठेवा, कारण ‘तेलासाठी युद्ध’ या वर्णनाला तो सगळ्यात जवळचा, आणि तरीही तिथे गोष्ट सरळ नाही. इराणशी आठ वर्षं लढून इराक कर्जात बुडाला होता, त्यात कुवेतचंच येणं सुमारे 14 अब्ज डॉलर. ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेने ठरवलेल्या कोट्यापेक्षा कुवेत जास्त तेल काढत होता आणि भाव घसरत होते. इराक दिवसाला सत्तावीस-अठ्ठावीस लाख पिंपं विकत असेल, तर पिंपामागे एक डॉलर घसरला की वर्षाला जवळपास एक अब्ज डॉलर बुडतात. जुलै 1990 मध्ये परराष्ट्रमंत्री तारिक अझीझ यांनी अरब लीगला पत्र लिहून कुवेतने सीमेवरच्या रुमैलातून 2.4 अब्ज डॉलरचं तेल चोरल्याचा आरोप केला. म्हणजे जमिनीतलं तेल हवंच होतं, पण तातडी होती कर्जाची आणि भावाची. ‘तेलासाठी’ म्हणताना साठा, भाव की पैसा, हे विचारायची सवय इथून लावून घेता येते.

2003 मध्ये पुरवठ्याचा दावा अशक्त का पडतो, तेही आकड्यांतच आहे. इराकचं तेल बंद नव्हतं. 986 क्रमांकाच्या ठरावाखालच्या ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ योजनेतून डिसेंबर 1996 पासून ते विकलं जात होतं, आणि 2001 मध्ये खुद्द अमेरिका दिवसाला सुमारे आठ लाख पिंपं इराकी तेल घेत होती. नुसतं तेलच हवं असतं, तर निर्बंध उठवून ते मिळत होतं. युद्धाने उलट उत्पादन खाली आणलं. किर्कुकहून तुर्कस्तानला जाणाऱ्या वाहिनीत नंतर वर्षानुवर्षं स्फोट होत राहिले.

उरला सत्तेचा दावा. अनुकूल बाजूने आपलं सगळं वजन इथे टाकावं, असं माझं मत आहे. 26 जानेवारी 1998 रोजी तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांना एक जाहीर पत्र गेलं. 2003 मध्ये संरक्षणमंत्री असलेले डोनाल्ड रम्सफेल्ड आणि त्यांचे उपमंत्री वूल्फोवित्झ यांच्या त्यावर सह्या आहेत. सद्दाम यांना सत्तेवरून हटवा, ही मागणी. त्यात तेलाचा उल्लेख आहे, पण कसा? सद्दाम यांच्याकडे महासंहारक शस्त्रं आली तर अमेरिकी सैन्य, इस्रायल, मित्र अरब देश आणि जगाच्या तेलपुरवठ्याचा मोठा भाग धोक्यात येईल, असा. तेल इथे लूट म्हणून येत नाही, ओलीस म्हणून येतं. या वाचनात शस्त्रं आणि तेल ही दोन वेगळी कारणं उरत नाहीत: तेलाचा पैसा आहे म्हणून शस्त्रांची भीती खरी वाटते, आणि शस्त्रं तेलाच्या पट्ट्यात आहेत म्हणून ती असह्य वाटते. ‘तेल नसतं तर युद्ध झालं नसतं’ ही व्याख्या इथे नीट बसते.

याला प्रतिकूल बाजूचं सगळ्यात चांगलं उत्तर वेळेचं आहे. किर्कुकजवळ बाबा गुरगुरला तेल लागलं 1927 मध्ये. ते 1991 मध्येही होतं, तेव्हा बगदादकडे जायला रस्ता मोकळा असताना थोरले बुश थांबले. 1998 मध्येही होतं, तेव्हा चार दिवस बाँब टाकून क्लिंटन थांबले. जी गोष्ट सतत तिथेच आहे, ती एखादी गोष्ट अमुक वर्षीच का घडली याचं कारण होऊ शकत नाही. 2003 चं कारण शोधायचं तर बदललं काय ते शोधावं लागतं, आणि बदललं ते 11 सप्टेंबर 2001 ला. ऑक्टोबर 2002 मध्ये काँग्रेसने (प्रतिनिधिगृहात 296 विरुद्ध 133, सिनेटमध्ये 77 विरुद्ध 23) युद्धाचा अधिकार दिला त्या ठरावात शस्त्रं, दहशतवाद, मोडलेले ठराव, जनतेवरचा जुलूम अशी कारणांची रांग आहे. तेल नाही. अर्थात, जाहीर ठरावात ते कोण लिहील?

म्हणून पुराव्याची प्रतवारी. सगळ्यात वर: निर्णयाच्या आधीचा, बाहेर यायचा नाही असं समजून लिहिलेला कागद. 23 जुलै 2002 च्या डाउनिंग स्ट्रीटवरच्या, म्हणजे ब्रिटिश पंतप्रधानांकडच्या, बैठकीचं टिपण त्या जातीचं. धोरण आधी ठरलंय आणि माहिती त्याला जुळवून घेतली जातेय, असा सूर त्यात आहे. त्यावरून शस्त्रांचं कारण तकलादू होतं हे ठरतं. खरं कारण तेल होतं हे मात्र ठरत नाही, आणि ही उडी बहुतेक वक्ते न पाहता मारतात. त्याखाली जाहीर भाषणं. त्याखाली नंतरच्या आठवणी. सगळ्यात खाली परिणाम: ‘बघा, करार कुणाला मिळाले’. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडू शकते.

दोन अवतरणांपासून मात्र जपून, कारण तयारीचा प्रतिस्पर्धी नेमका तिथेच पकडतो. वूल्फोवित्झ यांनी ‘युद्ध तेलासाठी होतं’ अशी कबुली दिली, असं जून 2003 मध्ये छापून आलं होतं. ती बातमी लंडनच्या गार्डियनने मागे घेतली. सिंगापूरमध्ये त्यांना विचारलं होतं की उत्तर कोरियाला वेगळी वागणूक का. त्यांचं म्हणणं असं होतं की इराक तेलावर तरंगतोय, त्यामुळे त्याच्यावर आर्थिक दबाव चालत नव्हता. उत्तर कोरिया कंगाल आहे, तिथे चालेल. कबुली म्हणून हे वाक्य वापरलंत तर मुद्दा गेला. सत्तेच्या दाव्यासाठी, संदर्भासकट वापरलंत तर सोनं आहे. दुसरं अमेरिकी मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख अॅलन ग्रीनस्पॅन यांचं. हे युद्ध बहुतांशी तेलाबद्दल होतं असं त्यांनी 2007 च्या आत्मचरित्रात लिहिलं, पण लगेच खुलासाही केला की हा सरकारचा हेतू होता असं नव्हे, तेलाच्या सुरक्षिततेसाठी सद्दाम जाणं गरजेचं होतं, हे स्वतःचं मत.

सद्दाम यांनी 2000 च्या अखेरीस तेलाचे पैसे युरोत घ्यायला सुरुवात केली म्हणून युद्ध झालं, ही गोष्ट फिरत असते. सोडून द्या. तो पैसा संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालच्या खात्यात जात होता, जागतिक भाव डॉलरमध्येच ठरत होते आणि इराकचा वाटा जागतिक व्यापारात छोटा होता.

सात मिनिटांची विभागणी अनुकूल बाजूने अशी करावी: ‘च’ची व्याख्या आणि चारपैकी कुठला दावा, एक मिनिट. 1980 आणि 1991 चे कागद, म्हणजे परंपरा, दीड मिनिट. 1998 चं पत्र आणि सिंगापूरचं वाक्य, दोन मिनिटं. करारांचं खंडन दीड मिनिट. उरलेलं मिनिट वेळेच्या युक्तिवादासाठी: 11 सप्टेंबर ठिणगी होती, पण ठिणगी पडल्यावर नजर इराककडेच का वळली? प्रतिकूल बाजूने मालकीवर वेळ घालवू नये, तो दावा समोरचा करणारच नाही असं धरून चालावं. सरळ वेळेवर यावं, मग रुमैलाच्या 98 सेंटवर.

प्रश्नोत्तरांच्या फेरीत एक प्रश्न हमखास येतो: एप्रिल 2003 मध्ये बगदादचं राष्ट्रीय संग्रहालय लुटलं जात असताना अमेरिकी रणगाडे तेल मंत्रालयाबाहेर का उभे होते? अनुकूल बाजूने तो विचारावाच. प्रतिकूल बाजूने ‘योगायोग’ म्हणू नये, हसं होतं. 1991 मध्ये माघार घेताना इराकी सैन्याने कुवेतच्या सहाशेहून अधिक विहिरी पेटवल्या होत्या आणि शेवटची विझायला नोव्हेंबर उजाडला होता. नवं सरकार चालवायला पैसा तेलातूनच येणार होता, आणि विहिरींचे नकाशे व नोंदी त्या इमारतीत होत्या, असं उत्तर द्यावं. त्यावर ‘मग संग्रहालयापुढे एक रणगाडा का नव्हता?’ असा उपप्रश्न आला, तर त्याला बचाव नाही. नियोजन वाईट होतं असं मान्य करून पुढच्या प्रश्नाकडे वळावं.